मास्कच्या दोन डब्या

सोमवार, ३ मार्च

आज ह्यांच्या कामाची पेटी घरी आली. आलेला माल : रबरी बूट जोड एक, ४२०. जाड हातमोजे जोड चार, १६०. डोळ्यांवरचा चष्मा एक, ११० (सासूबाईंनी लगेच लावून पाहिला). तोंडावरचा मास्क एक, ६५०. मास्कच्या दोन्ही गालांवर बसवायच्या गोल डब्या दोन, ५८०. एकूण १९२०.

पेटी कंपनी देते, असं हे आठ दिवस छाती फुगवून सांगत होते. देते खरी, पण महिना ४८० प्रमाणे चार महिने पगारातून कापून घेणार आहे. म्हणजे विकत आपण घ्यायचं आणि आभार त्यांचे मानायचे. मी तसं बोलले तर हे म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." मी म्हटलं, "खोट नाही, बेरीज दिसते."

काम असं आहे. बंद पडलेले पेट्रोल पंप, तेलाचे जुने डेपो विकायचे तर आधी तिथली माती तपासावी लागते. तेल झिरपून किती खोल गेलंय ते बघायचं. पाचजणांची टोळी मशीनने भोकं पाडते, मातीच्या कांड्या वर काढते, बरण्यांत भरते आणि बरण्या प्रयोगशाळेत जातात. जिथे टाक्या पुरलेल्या होत्या तिथे टाकी उपसल्यावर मोठा खड्डा राहतो. त्याच्या तळाची माती आणायला माणूस दोर बांधून उतरतो. ते काम आमच्या भाऊजींकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे. टेम्पो विकल्यावर ह्यांनीच शब्द टाकून त्यांना लावून घेतलं. अंगाने काडी, म्हणून खड्डा त्यांच्या वाट्याला. त्यांची पेटी अजून आलेली नाही. पुढच्या महिन्यात म्हणे.

हे दीड वर्ष नुसत्या रुमालावर काम करत होते. वरून कुठून तरी कागद आला तेव्हा पेटी आली.

पेटीत एक चिठ्ठी होती. एका बाजूला परक्या भाषेतली मुंगीएवढी अक्षरं आणि चित्रं. मॅट्रिकला होती तेवढ्या भाषेत ते काही बसेना. एका चित्रात पाण्याचा थेंब आणि त्यावर फुली होती. हे पाणी पिण्याचं नाही, असं असावं. मागची बाजू कोरी, ती दुधाच्या हिशेबाला ठेवली.

दिवा लावून पेटी देवापुढे ठेवली. हे ज्याच्या अंगावर चढेल त्याला सुखरूप घरी आण.

रविवार, ९ मार्च

कपड्यांचा दिवस. ह्यांचे आणि भाऊजींचे कपडे वेगळ्या बादलीत, तीनदा धुवावे लागतात. तरी वास जात नाही. साबणाची एक वडी जास्त.

ह्यांचं डोकं रोज दुपारनंतर दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असावा. जेवणावरही वासना नाही. "कशाला चवच नाही," म्हणतात. तेवीस वर्षं माझ्या हातचं जेवून आता चव गेली! मी दोन दिवस बोलले नाही, पण मीठ वाढवलं.

मास्क पहिले चार दिवस घातला. कंपनीला फोटो काढायचे होते. नंतर तो मशीनवर टांगलेलाच असतो असं भाऊजी म्हणाले. तो आज घरी आणला. डब्यांना इतका उग्र वास की खिडकी उघडावी लागली. एका जोडीचे ५८०! कोमट पाण्यात साबण घालून तासभर बुडवून ठेवल्या. काळंकुट्ट पाणी निघालं. इतकी घाण माणसाने नाकाशी लावायची! पाच वेळा पाणी बदललं तेव्हा कुठे स्वच्छ येऊ लागलं. सासूबाईंनी गच्चीवर उन्हात बसून उलटसुलट करून वाळवल्या. मग कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या. महिन्याला एकदा अशा धुतल्या तर वर्ष सहज निघेल.

हिशेबाच्या वहीत 'वाचले ५८०' असं लिहिलं आणि मनाला बरं वाटलं.

शनिवार, १५ मार्च

आज मलाही कंपनीचं काम मिळालं. सुपरवायझरना हे साहेब म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. तर साहेबांचं अक्षर कोणालाच लागत नाही. माझं अक्षर चांगलं आहे असं ह्यांनी सांगितलं, म्हणून जागेवरची वही स्वच्छ उतरवून काढायला पाठवली. पानाला ५.

रकाने असे : तारीख, जागा, खोली, बरणीचा नंबर, माणसं किती, आणि शेवटचा, मीटरचे वाचन. जमिनीतून जी वाफ येते ती मोजायचं एक यंत्र असतं, त्याचा आकडा तिथे येतो. साहेबांच्या कच्च्या वहीत तो रकाना कोरा होता. निरोप असा की तिथे सगळीकडे 'निरंक' लिहावं.

जेवताना मी विचारलं, "मीटर रोज निरंकच दाखवतो?"

भाऊजींना हसू आवरेना. "वहिनी, एक मीटर आणि तीन जागा. तो आमच्याकडे सहा महिन्यांत आलाच नाही. आपला मीटर हा बसलाय, भाताला हात न लावता." आणि ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

मग कळलं. मातीची कांडी वर आली की हे ती नाकाशी धरतात आणि हलकं की जड ते सांगतात. कोणी खड्ड्यात उतरायच्या आधी हे काठावर वाकतात, वास घेतात आणि म्हणतात, "उतर." टोळीत ह्यांना नाकोजी म्हणतात. ह्याचे दिवसाला ४० जास्त मिळतात. ते पैसे कशाचे हे मला आजवर माहीतच नव्हतं, मी ते 'चहापाणी' खाली लिहीत आले.

"मग मास्क?"

"मास्क लावला तर वास कसा येईल?" हे म्हणाले, जणू मी काहीतरी बालिश विचारलं.

सासूबाईंना मोठा अभिमान. "लहानपणापासून ह्याचं नाक असंच. शेजारी काय शिजतंय ते आधी ह्याला कळायचं, मग शेजारणीला."

नऊ पानं झाली, ४५ मिळाले. अक्षर देखणं आलं. पण शेवटच्या रकान्यात हात अडखळत होता. मोजून काही निघालं नाही तर निरंक. मोजलंच नाही तर? दूध आलं नाही त्या दिवशी मी वहीत शून्य लिहिते. मी गावी गेलेली असते त्या दिवशी नुसती रेघ मारते, कारण आलं की नाही हे मला माहीत नसतं. दोन्ही एक कसं? हे म्हणाले, "कचेरीचा कागद तसाच असतो. तुला कुठे सही करायची आहे?"

लिहिलं.

बुधवार, १९ मार्च

संध्याकाळी दूध करपलं. मी गच्चीवर कपडे काढत होते. हे स्वयंपाकघरातच, शेगडीपासून तीन हातांवर, पाठ करून बूट पुसत बसले होते. जिन्यातच मला वास आला. पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अरे, घर जळतंय की काय!" आणि हे मान वर करून म्हणाले, "काय झालं?"

लक्ष नव्हतं म्हणे. असेल.

पातेलं घासायला अर्धा तास गेला. घासताना सारखं तेच डोळ्यांपुढे येत होतं. लक्ष नसलेला माणूस दचकतो. हे दचकले नाहीत. वळून धूर बघेपर्यंत ह्यांना काही कळलंच नाही.

गुरुवार, २० मार्च

सासूबाई झोपल्यावर ह्यांना म्हटलं, डोळे मिटा. का म्हणून विचारलं नाही, मिटले. साबणाची वडी नाकाशी धरली. "कांदा," म्हणाले. चिरलेला कांदा धरला. थोडं थांबून म्हणाले, "साबण." मग रॉकेलची बाटली उघडून धरली. बराच वेळ धरली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी डोळे उघडले, बाटलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"किती दिवस?"

"दोन महिने. आधी दुपारनंतर जायचं, सकाळी परत यायचं. आता येतच नाही."

"मग खड्ड्यावर वाकून काय करता?"

"वाकतो."

"आणि उतर म्हणता?"

"मातीच्या रंगावरून अंदाज येतो. दीड वर्षं बघतोय मी." मग एकदम माझा हात धरला. असा हात ह्यांनी आता सासरी असलेल्या मोठ्या मुलीच्या जन्मानंतर धरला नव्हता. "कोणाला बोलू नकोस. नाकोजीचं नाक गेलं म्हटल्यावर मला ठेवतंय कोण? पंचेचाळिशीला मी कुठे जाऊ?"

मी देवापुढे शब्द दिला. पण बदल्यात एक मागितलं. तुम्ही मास्क घालत नाही ना, मग तो भाऊजींना द्यायचा. खड्ड्यात उतरताना त्यांनी तो घातलाच पाहिजे. हे लगेच हो म्हणाले. इतकं लगेच, की हे कोणीतरी सुचवण्याची वाटच बघत होते असं वाटलं.

शब्द दिला आणि झोप गेली. देवा, हा शब्द तुझ्यापुढे दिलाय खरा, पण तुला विचारून दिलेला नाही.

सोमवार, २४ मार्च

स्टीलच्या डब्यातून दोन्ही डब्या काढल्या, मास्कला बसवल्या आणि भाऊजींच्या हातात दिल्या. त्यांनी तोंडावर चढवला आणि आरशात बघून म्हणाले, "वहिनी, नवरदेव दिसतो की हत्ती?"

"लग्नाला उभं राहिलात तर सांगेन."

"साबणाचा वास येतोय ह्याला."

"धुतलाय म्हणून. तुमच्या भावाच्या मोज्यांचा आला असता तर चाललं असतं?"

हसत गेले. आता माझी काळजी बरीच उतरली. नाक नाही तर नाही, मास्क तर आहे.

मंगळवार, २५ मार्च

आज जे झालं ते जसं कळलं तसं लिहिते, म्हणजे उद्या मीच त्यात काही घालणार नाही की गाळणार नाही.

जुन्या डेपोवर टाकीचा खड्डा आहे, दोन पुरुष खोल. हे काठावर वाकले. "उतर," म्हणाले. भाऊजी मास्क चढवून उतरले. तीन बरण्या वर आल्या. चौथी येईना. मशीनवाला म्हणाला, दोर दोनदा हलला आणि मग सैल पडला. हाक मारली, ओ नाही. हे तसेच उडी टाकायला धावले. दोघांनी ह्यांना जमिनीवर दाबून धरलं, नाहीतर आज दोन माणसं गेली असती. मशीनवाल्याने एकट्याने दोर ओढला. तळहाताची सालं निघाली आहेत.

वर आल्यावर भाऊजी निळे पडले होते. मग ओकले, मग डोळे उघडले. दवाखान्यात नळी लावली आहे. डॉक्टर म्हणतात आजची रात्र गेली की भीती नाही.

हे दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. सासूबाईंनी विचारलं, "तू वास घेतला होतास ना रे?" ह्यांनी डोकं भिंतीला टेकवलं. मी पाणी आणते म्हणून उठले आणि नळाखाली नुसती उभी राहिले.

गुरुवार, २७ मार्च

भाऊजी घरी आले. जिना चढताना तीनदा बसले.

दुपारी प्रयोगशाळेतल्या बाई बघायला आल्या. बरण्या नेतात त्याच. तरुण आहेत, बोलायला तोडून टाकल्यासारख्या, पण डोळे मऊ. त्यांनी मास्क मागितला. एक डबी कानाशी नेऊन हलवली.

"ही धुतली कोणी?"

"मी," म्हटलं. "साबण घालून. पाच पाण्यांत. काळं पाणी थांबेपर्यंत."

बाईंनी डबी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ते काळं म्हणजे घाण नव्हती, ताई. आत कोळसा असतो. वाफ तोच अडवतो. तो ओला झाला की डबी संपली. तुम्ही औषधच ओतून दिलंत आणि बाटली जपून ठेवलीत."

मी उठून दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी आणली, उलटी केली. थेंब, त्यावर फुली. पाण्याला लावू नका. पिण्याचं पाणी नाही म्हणे! दूध अर्धा लिटर, दूध अर्धा लिटर, आणि मागे हे.

सासूबाई दारात होत्या, सगळं ऐकत होत्या. मी त्यांच्या पायांशी बसले. म्हटलं, तुमच्या मुलाला मी मारत होते. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. "तू धुतलंस, वाळवलं मी. उन्हात बसून उलटं केलं, सुलटं केलं. रडायचंच तर दोघी मिळून रडू, एकटीने मिरवू नकोस."

मग बाई म्हणाल्या ते शब्दाला शब्द लिहून ठेवते, कारण त्यानंतर माझं रडणं थांबलं. "डब्या कोऱ्या असत्या तरी हे घडलं असतं. मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. त्या खड्ड्याच्या तळाशी हवाच नव्हती, नुसती वाफ होती. आधी मीटर सोडायचा, आकडा बघायचा, आत हवा सोडायची, मगच माणूस. आणि नाकाने माती हुंगणं कुठल्याच नियमात नाही. हुंगत राहिलं की नाकच बधिर होतं."

"आणि ह्या डब्या किती दिवस चालतात?"

"दिवस? एक पाळी. म्हणजे एका दिवसाचं काम, मग टाकून द्यायच्या."

एक पाळी. मी वर्षाचा हिशेब लावून बसले होते. पण पेटीत जोडी एकच होती, दोनशे जोड्या नव्हत्या. म्हणजे हा हिशेब माझ्या आधी कोणीतरी लावला होता.

बाईंनी जाताना एक पत्ता लिहून दिला. ज्या खात्याच्या हुकमाने ही माती तपासतात त्याचा.

शुक्रवार, २८ मार्च

साहेब आले. फळांची पिशवी, गोड बोलणं, भाऊजींच्या पाठीवर थाप. मग खिशातून टाईप केलेला कागद. कामगाराच्या घरच्या मंडळींनी सुरक्षेच्या साधनात परस्पर फेरफार केल्याने सदर प्रकार घडला, कंपनीचा काही दोष नाही. खाली ह्यांच्या सहीला जागा आणि माझ्याही.

"नुसती रीत आहे," साहेब म्हणाले. "सही झाली की दवाखान्याचं बिल कंपनी भरेल. दोघांची कामं शाबूत. आणि वहिनी, तुमची उतरवलेली वहीही आणली आहे, तिच्यात पुढची पानं उतरवून टाका. मंगळवारपर्यंतची."

मी पानं पाहिली. मंगळवार, पंचवीस तारीख. जुना डेपो, खड्डा. माणसं पाच. शेवटचा रकाना कोरा.

"इथे काय लिहू?"

"नेहमीचंच."

"निरंक?"

"हो."

आत भाऊजी खोकत होते. मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "साहेब, डब्या मी धुतल्या. ते माझ्या अक्षरात लिहून देते, सही करते, हवा तर अंगठाही देते. पण त्याखाली आणखी चार ओळी लिहीन. मीटर सहा महिने नव्हता. डबी एक पाळी चालते हे कोणी सांगितलं नाही. जो उतरत होता त्याला पेटीच नव्हती. आणि चिठ्ठी वाचायची जबाबदारी मास्क घालणाऱ्याच्या भावजयीवर कधीपासून आली?"

"मॅट्रिक झालात म्हणून वकील झाला नाहीत."

"नाही झाले. पण निरंक आणि कोरं ह्यातला फरक मला कळतो."

साहेब ह्यांच्याकडे वळले. "नाकोजी, बायकोला समजाव."

हे म्हणाले, "तेवीस वर्षं तीच मला समजावते आहे. आता उलट कसं करू?"

फळं सहा होती, सहाच्या सहा परत दिली. एक सासूबाईंच्या हातात होतं, ते त्यांनी साडीला पुसून पिशवीत ठेवलं. वही मात्र मी परत दिली नाही. उतरवायची राहिली आहे, म्हटलं. खोटं नव्हतं.

शनिवार, २९ मार्च

ह्यांच्याबरोबर मी जुन्या डेपोवर गेले. वही पदराखाली. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांची कामाची जागा पाहिली. गंजलेलं फाटक, फुटलेला सिमेंटचा ओटा, मधोमध तो खड्डा. काठावर उभी राहिले आणि डोकं गरगरलं. दीड वर्ष कपड्यांतून घरी येत होता तो वास इथून येत होता.

तळाच्या दोन बरण्या राहिल्या होत्या. साहेबांनी टोळीतल्या सर्वांत ठेंगण्या माणसाच्या कमरेला दोर बांधायला लावला होता. मीटर नव्हता. त्या माणसाला तीन मुली आहेत, हे मला नंतर कळलं.

"नाकोजी, बघ रे," साहेब म्हणाले.

ह्यांना दिलेला शब्द मोडायचाच असं मी ठरवून आले होते, देवाची क्षमा सकाळीच मागून ठेवली होती. हे काठावर वाकले. खूप वेळ वाकलेले. मग लक्षात आलं की हे खड्ड्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघताहेत. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे सरळ उभे राहिले.

"मला वास येत नाही," म्हणाले. "दोन महिने झाले. मी उतर म्हणत होतो ते अंदाजाने."

मला वाटलं आता ह्यांना मारतात. मशीनवाला पट्ट्या बांधलेले हात घेऊन पुढे आला. "म्हणजे आम्ही दोन महिने तुझ्या अंदाजावर माणूस खाली सोडत होतो?"

"हो."

"पोराला तूच पाठवलंस. सख्ख्या भावाला."

"हो."

मशीनवाला ह्यांच्या समोर उभाच राहिला. मग तिथेच मातीत बसला. "माझाही दुपारनंतर जातो रे वास," म्हणाला. "म्हणून तर दर वेळी तुला पुढे करत होतो."

ठेंगणा म्हणाला, "मला तर गेल्या पावसाळ्यापासून नाही." आणि कमरेची गाठ सोडायला लागला. चौथ्याने मान हलवली, म्हणजे त्याचाही. चार माणसं, आणि एक धड नाक नाही! प्रत्येक जण दुसऱ्याच्या नाकावर विसंबून.

दोर जमिनीवर पडला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मी पाहत बसले नाही. "मीटर येईपर्यंत कोणी उतरणार नाही," ह्यांनी सांगितलं. आवाज बारीक होता. पण बाकीच्यांनी तो उचलला.

"नका उतरू," साहेब म्हणाले. "बुधवारी दुसरी टोळी आणतो. माणसं काय, ढिगाने मिळतात. वही द्या इकडे."

"वही माझ्या अक्षरातली आहे," मी म्हटलं. "ठेवून घेतल्याची पावती देते."

आणि तिथल्या तिथे, सिमेंटच्या ओट्यावर बसून, तारीख घालून पावती लिहून दिली. त्यांनी ती चोळामोळा करून फेकली. मशीनवाल्याने उचलली, सरळ केली आणि खिशात ठेवली.

घरी येताना हे म्हणाले, "तुझा शब्द तू पाळलास." देवाला ठाऊक आहे, अर्ध्या क्षणाचा फरक होता.

रविवार, ३० मार्च

सकाळी वही पूर्ण केली. 'निरंक' एकही खोडला नाही. प्रत्येकाच्या शेजारी लाल शाईने 'मोजले नाही' लिहिलं. एकशे बारा वेळा. माझ्या हिशेबाच्या वहीतही 'वाचले ५८०' ह्यापुढे लाल शाईने एक ओळ लिहिली. ती इथे लिहीत नाही.

मला उदास वाटू नये म्हणून हे सकाळी मुद्दाम स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "वा, काय सुरेख वास सुटलाय." शेगडी बंद होती. मी म्हटलं, "हो ना."

संध्याकाळी पत्र लिहिलं. उद्या रजिस्टरने टाकायचं. त्याची नक्कल :

"तपासणी खात्याचे मुख्य अधिकारी यांस,

मी एक गृहिणी आहे. माझे यजमान व दीर आपल्या हुकमावरून चाललेल्या माती तपासणीत मजूर आहेत. सोबत जागेवरची वही पाठवत आहे. ती माझ्याच हातची आहे. तिच्यात मी एकशे बारा वेळा खोटं लिहिलं आणि आता एकशे बारा वेळा खरं लिहिलं आहे. दोन्ही अक्षरं ताडून पाहावीत.

मास्कच्या डब्या मी साबणाने धुतल्या. हा दोष माझा. तो मी कोणावर ढकलत नाही आणि माझ्यावर दुसऱ्याचा ढकलू देत नाही. पाच माणसांना मीटरऐवजी एकमेकांची नाकं दिली गेली आणि त्यांतली चार नाकं गेली, हा दोष कोणाचा ते आपण ठरवावं.

येत्या बुधवारी, २ एप्रिल रोजी, जुन्या डेपोवर नवीन टोळी येणार आहे. त्या माणसांना आम्ही ओळखत नाही. मंगळवारी, २५ मार्चला, माझे दीर तिथल्या खड्ड्यात गुदमरले ते त्यांना कोणी सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगणार आहोत. बुधवारी पहाटेपासून माझे यजमान, त्यांचे तीन सोबती, मी आणि माझ्या सासूबाई फाटकापाशी बसू. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, त्या उठवल्या तरी लवकर उठत नाहीत. दीर बरे नाहीत, पण तेही येतो म्हणतात.

मागणं एवढंच. प्रत्येक खड्ड्याला मीटर. आकडा पाहिल्याशिवाय आणि आत हवा सोडल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. मास्कच्या कोऱ्या डब्या रोज, कंपनीच्या खर्चाने, कसं वापरायचं ते तोंडी सांगून. पाचही माणसांची नाकं डॉक्टरला दाखवावीत. ह्यांत मेहेरबानी कोणतीच नाही.

पोस्टातले गृहस्थ म्हणाले, सोमवारी सकाळी टाकलं तर मंगळवारी आपल्या टेबलावर येईल. बुधवारपासून आमच्या घराला कुलूप असेल, तेव्हा घरच्या पत्त्यावर लिहू नये. टपालवाल्याला मी सांगून ठेवलं आहे. मीटर केव्हा येतो ते जुन्या डेपोच्या फाटकाच्या पत्त्यावर, उलट टपाली कळवावं."